बीसीएमवाला माझा मेसेज पुढे पाठवू नका

वायपर आपोआप फिरले, सेंट्रल लॉक खटखट करायला लागलं की बीसीएम (वायपर, लॉक, लाइट सांभाळणारा गाडीतला छोटा कंप्युटर) गेला, सेकंडहँड आणून लावा, असं मी गेल्या पावसात लिहिलेलं ते अजून रत्नागिरीभर फिरतंय. ते चुकलं माझं. माझ्याच गाडीत बीसीएम ठीक निघाला, डॅशखालचा अर्थिंगचा (वायरी गाडीच्या बॉडीला जोडणारा) बोल्ट खाऱ्या हवेने गंजून पार भुगा झालेला, घासून परत आवळला आणि वायपर-लॉकचा सगळा त्रास बंद. आधी बॅटरी बघा (गाडी बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट), मग फ्यूज, अर्थिंग, कनेक्टरमध्ये पाणी किंवा हिरवट गंज. आणि सेकंडहँड बीसीएम नुसता लावून सहसा चालत नाही, कोडिंग (तुमच्या गाडीशी जुळवायचं प्रोग्रॅमिंग) लागतं, बऱ्याच गाड्यांत इमोबिलायझर (चोरी रोखणारं, ओळखीच्या चावीशिवाय गाडी चालू न होऊ देणारं लॉक) त्यातच असतो, मग गाडी स्टार्टच होत नाही. जुना मेसेज डिलीट करा प्लीज.