टर्बोला दोष द्या, मालक!

ट्रक जुना, इंजिन सहा सिलिंडरचे. सायलेन्सरमधून निळा धूर निघतोय आणि रात्री गाडी उभी केली तिथे सकाळी तेलाचे डबके दिसतेय. अभिनंदन! इंजिनात अजून तेल शिल्लक आहे, एवढे तरी सिद्ध झाले. घाबरायचे ते डबके दिसायचे बंद झाल्यावर.

गळती शोधायला निघालात तर एक पथ्य पाळा : इंजिन धुऊ नका. काही संशयी माणसे आधी डिझेल मारून इंजिन स्वच्छ करतात, पुसून कोरडे करतात, शंका असेल तिथे टाल्कम पावडर भुरभुरतात, मग गाडी थोडी पळवून आणतात आणि पावडर पहिल्यांदा कुठे ओली झाली ते बॅटरी मारून बघतात. एवढा वेळ असेल तर माणसाने कोल्हापुरात रंकाळ्यावर फिरायला जावे. तुमच्या इंजिनावर उसाच्या कैक हंगामांची धूळ तेलात कालवून बसली आहे. ते कवच आहे, त्याला हात लावू नका. तेल जिथे टपकते तिथूनच ते गळते, असा सरळ हिशोब ठेवा. तेल वरून खाली ओघळते, गाडी पळताना वाऱ्याने मागे सरकते, असल्या गोष्टी शाळेतल्या पोरांसाठी.

या हिशोबाने इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडतात त्या फ्लायव्हील हाउसिंगखाली थेंब दिसला, की मागचे ऑइल सील गेले म्हणून जाहीर करा आणि गिअरबॉक्स उतरवा. इंजिनाच्या डोक्यावरच्या टॅपेट कव्हरचे पॅकिंग कडक झाले की तेल ब्लॉकच्या पाठीवरून ओघळत नेमके तिथेच येते, हे खरे. पण पॅकिंग बदलायला मोजके बोल्ट आणि तासाभराचे काम. त्यात कसली आलीय इभ्रत? गिअरबॉक्स उतरवलेली गाडी उद्यमनगरात, गॅरेजवाल्यांच्या पेठेत, रस्त्याकडेला उभी असली की येणारा-जाणारा थांबतो, "काय मालक, मोठंच काम काढलंय म्हणायचं!" टॅपेट कव्हरकडे बघून असे कोणी थांबत नाही.

बरे, सील बदलूनही तेल थांबले नाही. थांबणार नव्हतेच. आता टर्बोकडे वळा.

टर्बो ही दोष द्यायला फार सोयीची वस्तू. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरने 1905 साली पेटंट घेतले तेव्हा त्याच्या डोक्यात एवढेच, की वाया जाणाऱ्या धुरावर चाक फिरवावे आणि इंजिनात जादा हवा कोंबावी. इंजिनाची बाकी सगळी दुखणी खपवायला याच्याइतके सोयीचे नाव दुसरे मिळणार नाही, हे त्या बिचाऱ्याच्या ध्यानात आले नसावे. आतला शाफ्ट मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो, आणि तोही बेअरिंगला न टेकता, तेलाच्या पातळ थरावर तरंगत. त्यामुळे बंद गाडीत तो बोटाने आडवा ढकलला तर जरासा हलतोच. तो हलला रे हलला, की "टर्बो संपला" असे मोठ्याने म्हणून टाका. पंख्याची पाती हाउसिंगला घासलीत का, शाफ्ट पुढे-मागे सरकतोय का, हे तपासू नका. उत्तर बदलायची भीती असते.

टर्बोच्या शाफ्टवर इंजिनासारखे रबरी सील नसते. दोन्ही टोकांना पिस्टन रिंगसारख्या बारीक रिंगा असतात, आणि त्या तेल अडवतात ते बरेचसे आतल्या-बाहेरच्या दाबाच्या जोरावर. एअर फिल्टर चोंदला की पंख्याच्या बाजूने तेल ओढले जाणार. इंजिनात बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे तेलाच्या चेंबरमधला गॅसचा दाब, वाढले की टर्बोतले तेल खाली उतरू शकत नाही आणि दोन्ही अंगांनी बाहेर येते. नवा टर्बो टाकलात तरी येणार. ही माहिती दुकानदारासमोर काढू नका, त्याचा मूड जातो.

ब्रीदरची, म्हणजे इंजिनाच्या पोटातला गॅस बाहेर सोडणाऱ्या पाइपाची, कथा आणखी रसाळ आहे. ब्रीदर पाइपातून वाफ येते, थेंब पडतात, गाडी घाण दिसते. म्हणून त्याला लाकडी गुडदी, म्हणजे बूच, ठोकणारे महाभाग आपल्याकडे आहेत. ही माणसे द्रष्टी समजावीत. पिस्टनच्या रिंगांजवळून खाली उतरलेल्या गॅसला आता दारच उरत नाही. मग तो पुढचे सील, मागचे सील, तेल मोजायच्या गेजपट्टीचे भोक, टर्बो, जिथे फट दिसेल तिथून तेलासकट बाहेर पडतो. एका गुडदीत इतक्या गळत्या दुसऱ्या कुठल्याच उपायाने मिळत नाहीत. चालू इंजिनावर तेल भरायचे झाकण उलटे करून नुसते ठेवले आणि ते थडथड उडायला लागले, तर दुखणे टर्बोत नसून रिंगांत आहे, हे फुकटात कळते. म्हणूनच ते झाकण घट्ट आवळलेले बरे.

टर्बोला तेल आणणारी नळी बारीक आणि परत नेणारी चांगली जाड असते. बाहेर पडणारे तेल ताकासारखे फेसाळलेले असते आणि निव्वळ स्वतःच्या वजनाने चेंबरमध्ये उतरते, म्हणून ही सोय. तुम्ही मात्र यात कारखान्याची उधळपट्टी बघा. मूळ पाइप फाटला की हाताला लागेल तो बारीक होज लावा, मध्ये झकास बाक द्या, आणि पॅकिंगच्या जागी सिलिकॉन असे थापा की आतल्या बाजूने भोक निम्मे बुजले पाहिजे.

टर्बो स्वतःच रिपेर करायचा आहे? कराच. खोलण्याआधी हाउसिंगवर खुणा करायच्या नाहीत, स्मरणशक्ती कशासाठी आहे? पंख्याच्या नटाचे आटे कित्येक टर्बोंत उलटे असतात. तो सुटत नसेल तर त्याच दिशेने जोर वाढवत न्या, शाफ्ट पिळून तरी मोकळा होईल. अॅल्युमिनियमचा पंखा पॉलिश पेपरने आरशासारखा घासा. बॅलन्सिंग मशीनवर चढवायची गरज नाही, हातात धरून गोल फिरवला की अंदाज येतो. बसवल्यावर आत तेल ओतायचे नाही, स्टार्टर मारून आधी तेलाचे प्रेशर चढवायचे नाही. कोरडाच टर्बो, पहिल्याच झटक्याला गाडी चालू आणि लगेच दणदणीत रेस. शेजारच्या गॅरेजला कळले पाहिजे.

पुढची सेवा ड्रायव्हरवर सोपवा. भरलेली गाडी साखरप्याहून आंबा घाट चढून वर आली, टर्बो लालबुंद झालाय, की त्याने तत्काळ इंजिन बंद करायचा स्टॉप ओढून चहाला उतरावे. दोन-तीन मिनिटे इंजिन आयडलवर ठेवले तर टर्बो थंड होतो आणि तेवढ्यात चहाही थंड होतो. तेलाचा बेअरिंगवर कोळसा झाला तरी चालेल, चहा गरम पाहिजे.

इतके सगळे नीट पाळलेत तर एक दिवस चमत्कार होईल. स्टॉप ओढला तरी इंजिन बंद होणार नाही, उलट रेस आपोआप चढत जाईल. आता ते डिझेलवर नाही, टर्बोने पाजलेल्या स्वतःच्याच तेलावर चालतेय! अशा वेळी घाबरट माणसे हवेच्या तोंडावर फळी दाबून इंजिन गुदमरवतात. तुम्ही मोबाइल काढा. विनाडिझेल ट्रकचा व्हिडिओ ग्रुपवर टाकायचा मान रोज मिळत नाही.

ब्लॉक फुटून त्याला खिडकी पडली तरी त्याचे बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वाया जात नाही. शिरोलीला, गोकुळ शिरगावला फाउंड्र्या आहेत, भट्टीत सगळे वितळते. भंगारवाल्याशी भाव ठरवताना फक्त एवढे बजावून सांगा, "इंजिन एक नंबर होतं, पाव्हणं. टर्बोनं घात केला."