थेरपी पूर्ण झाली की आणा म्हणे

सकाळपासून डोकं तापलंय, रात्रीचे साडेअकरा वाजले तरी उतरत नाहीये, म्हणून लिहायला बसलो. लांबलचक होणार आहे. वेळ नसेल त्यांनी पुढे जा, राग नाही.

ओळखीतलं एक जोडपं आहे, माझ्याहून बरंच लहान, मला दादा म्हणतात. त्यांची मुलगी साडेतीन वर्षांची, तिला ट्रॅक आहे. ट्रॅकिओस्टोमी, म्हणजे गळ्याच्या पुढून थेट श्वासनलिकेत बसवलेली छोटी नळी, पोरगी तिथून श्वास घेते. तिला बालवाडीत घालायचं म्हणून "दादा, तुम्ही या सोबत, आम्हाला नीट बोलायला जमत नाही" असं म्हणून मला घेऊन गेले. मॅडम फार गोड बोलल्या. सगळं ऐकून घेतलं, मुलीच्या गालाला हात लावला आणि शेवटी म्हणाल्या, "आधी थेरपी पूर्ण होऊ द्या, नळी निघू द्या, मग आणा, आम्ही आनंदाने घेऊ."

थेरपी पूर्ण होऊ द्या.

मी हेच वाक्य चार वर्षांपूर्वी ऐकलंय, दुसऱ्या शाळेत, दुसऱ्या मॅडमकडून, असंच गोड आवाजात. तेव्हा मी मान हलवून घरी आलो होतो आणि सहा महिने खरंच वाट बघत बसलो होतो. त्या सहा महिन्यांचा राग आज बाहेर पडतोय बहुतेक.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माझ्या मुलाचं माहिती आहे. सव्वीसाव्या आठवड्यात झाला, ४० आठवड्यांचं बाळ २६ ला. पहिली दोन वर्षं डॉक्टर त्याचं वय जन्मतारखेपासून नाही, तर बाळंतपणाची जी तारीख दिली होती तिथून मोजायचे. आणि आयुष्याच्या पहिल्या दिवसापासून त्याच्या तोंडात जे जे गेलं ते सगळं दुखवणारं, व्हेंटिलेटरची नळी, सक्शनची नळी, गालावरची चिकटपट्टी ओढून काढायची ते वेगळंच. तोंडाजवळ काही आलं की धोका, एवढंच ते पोर शिकलं. चमचा दिसला की मान फिरवायचा, उलटी काढायचा. पोटावर बटण बसवलं होतं, म्हणजे छिद्र करून त्यात नळी जोडायचं छोटं तोंड, आणि त्यातून पंपाने दूध थेट पोटात जायचं. स्पीच थेरपिस्ट, खाणं-गिळणंही त्याच शिकवतात, चौदा महिने आठवड्यातून दोनदा पाऊण तास त्याच्यासमोर बसली. आधी चमचा नुसता टेबलावर ठेवायचा. मग त्याच्या हातात. मग गालाला. चौदा महिने! ओठांच्या आत चमचा कधी गेला नाही.

आणि मग एका शाळेने घेतलं. अट एकच, पहिला महिना पालकाने बाहेर बसायचं. मी बसलो. दाराला काच होती, त्यातून दिसायचं.

डब्याची वेळ. बुटकं गोल टेबल, सात-आठ पोरं, आमचा त्यात बसलेला, पंपाची पिशवी खुर्चीला अडकवलेली, शर्टाखालून नळी आत गेलेली. शेजारी दोन वेण्यांची एक मुलगी. ती बराच वेळ त्या नळीकडे बघत होती आणि मग तिने बाईंना विचारलं, "ह्याचं जेवण डायरेक्ट पोटात जातं तर ह्याला चव कशी कळते?"

अहो, एवढ्या डॉक्टरांच्या फेऱ्या झाल्या आमच्या, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी बाप असून मी विचारला नव्हता. ग्रॅम मोजत होतो आम्ही, मिली मोजत होतो.

बाई उत्तर देईपर्यंत तिने आपला चमचा, स्वतः चाटलेला, उष्टा, त्याच्या तोंडासमोर धरला. मी दार उघडून आत धावलो. बाईंनी माझ्याकडे न बघताच हात वर केला, थांबा म्हणून. आणि त्याने जीभ बाहेर काढली. टोकाने चाटलं. तोंड वेडंवाकडं केलं, खांदे वर घेतले, मला वाटलं आता उलटी. तर परत तोंड उघडलं.

मी तिथेच खाली बसलो, दारात.

आता कुणीतरी लगेच म्हणेल की किती धोका होता. होता. मान्य. गिळण्याची एक्सरे तपासणी झालेली होती, पातळ पदार्थ श्वासनलिकेत जातात पण दाटसर चालेल असं निघालं होतं, बाईंना ते माहिती होतं आणि चमच्यात दाटसरच होतं, म्हणून त्यांनी मला थांबवलं. त्या बाई बेफिकीर नव्हत्या, त्यांनी विचारून घेतलेलं होतं सगळं. बटण निसटलं तर काय, हेही पहिल्याच दिवशी विचारलं होतं. आत पाण्याचा छोटासा फुगा असतो, तो बटण धरून ठेवतो, तो फुटला तर बटण बाहेर येऊ शकतं, आणि छिद्र काही तासांतच आक्रसायला लागतं म्हणून वेळ घालवायचा नाही, स्वच्छ गॉज ठेवायचा आणि मला ताबडतोब फोन करायचा. दहा मिनिटांत शिकल्या त्या. हे मी आज मॅडमना सांगत होतो तर त्या म्हणे, "आमचा स्टाफ घाबरेल हो." घाबरेल ना! आम्ही घाबरलो नव्हतो का? हॉस्पिटलमधून सोडताना आम्हाला, ज्यांना धड बँडेज बांधता येत नव्हतं त्यांना, सगळं शिकवूनच पाठवलं की. आज ती आई, वय असेल पंचवीस-सव्वीस, मध्यरात्री उठून मुलीच्या गळ्यातला कफ सक्शनने काढते, नळी तुंबली तर बदलते. ती शिकली.

बरं, नर्स नाही, एका बाईकडे वीस पोरं, तर ती बाई एकटी काय काय बघणार, हे खरं आहे. बाईंवर माझा राग नाहीच. पण मग नर्स ठेवायची कुणी, पैसे द्यायचे कुणी, हा प्रश्न त्या साडेतीन वर्षांच्या पोरीने सोडवायचा का? घरी बसून?

आणि आज मॅडमच्या ऑफिसमध्ये काय झालं सांगतो, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. मुलीच्या नळीवर बोलायचा व्हॉल्व लावलेला होता. ट्रॅकमध्ये हवा स्वरयंत्राच्या खालूनच येते-जाते म्हणून आवाज फुटत नाही, तर हा व्हॉल्व हवा आत घेतो आणि बाहेर जाताना बंद होतो, मग हवा वर स्वरयंत्रातून तोंडावाटे निघते आणि आवाज येतो. आम्ही मोठी माणसं तिच्या डोक्यावरून बोलत होतो आणि ती कपाटातल्या लाल गाडीकडे बोट दाखवून म्हणत होती, "गाई." परत, "गाई." गाडी म्हणायचं होतं तिला. बारीक, घोगरा आवाज. थेरपी चालू आहे ना तिची, हीच तर थेरपी, तीन वेळा बोलली ती आणि एकानेही गाडी काढून दिली नाही. मी पण नाही. मी वाद घालत होतो.

असा व्हॉल्व १९८० च्या दशकात ज्याने काढला तो डेव्हिड म्युर स्वतः स्नायूंच्या आजाराने व्हेंटिलेटरवर होता. त्याला बोलायचं होतं, म्हणून काढला. आजार पूर्ण बरा होण्याची वाट बघत बसला नाही तो.

आणि मॅडमच्या मागच्या शेल्फवर ते माँटेसरीचं साहित्य मांडलेलं, लाकडी ठोकळ्यात बसवायचे लहानमोठे दंडगोल वगैरे. मारिया माँटेसरी डॉक्टर होत्या हो. १९०७ ला रोममध्ये त्यांचं बालगृह सुरू झालं, पण त्याच्या आधी त्या कुठल्या मुलांबरोबर काम करत होत्या? ज्यांना तेव्हा कुणी शाळेत घेत नव्हतं, शिकणारच नाहीत म्हणून बाजूला टाकलेली मुलं. त्यांच्याबरोबर काम करताना ही पद्धत उभी राहिली, मग ती बाकीच्या मुलांकडे आली. ज्यांच्यामुळे ते शेल्फ भरलंय त्यांनाच दाराबाहेर उभं करायचं. हे बोलायला हवं होतं तिथे, आता सुचतंय.

जरा पाणी पिऊन आलो.

मगाशी चौदा महिन्यांबद्दल जे लिहिलं ते वाचून वाटेल की थेरपी फुकट गेली. नाही. त्या चौदा महिन्यांशिवाय तो उष्ट्या चमच्याला शिवलाही नसता, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. संध्याकाळी थेरपिस्टला फोन केला तर ती आधी रडली आणि मग म्हणाली, "दादा, मंगळवारचं माझं सेशन मी शाळेत घेऊ का, डब्याच्या वेळेला?" आली. टेबलाशी बसली. पाच मिनिटं नुसती बघत राहिली आणि म्हणाली, ह्याचे पाय लोंबकळतायत. पाय अधांतरी, त्यामुळे कंबर डुगडुगते, सगळी ताकद न पडण्यात जाते, तर जीभ-जबडा कसा चालवणार? एक लाकडी खोकं आणून पायाखाली ठेवलं. तिच्या खोलीत आम्ही त्याला मांडीवर घ्यायचो, तिथे हे कधी दिसलंच नसतं. मग ती दर मंगळवारी आली आणि दोन वेण्यावाली तिची असिस्टंट झाली. पुढे वर्षभरात पंप फक्त रात्रीपुरता राहिला.

मला एवढंच म्हणायचंय. आधी थेरपी मग शाळा असा क्रम नसतो. तीन ते पाच ही वर्षं थेरपीसाठी फार मोलाची असतात हे सगळे सांगतात, आणि नेमक्या त्याच वर्षांत पोराला दुसरं पोर बघायला मिळत नाही. कुणाचं बघून शिकायचं त्याने? माझं?

इन्फेक्शनचं म्हणाल तर हो, दुसऱ्या महिन्यात सर्दी झाली आणि नऊ दिवस ॲडमिट होता. बायको तेव्हा म्हणाली, बस झाली शाळा. मी काही बोललो नाही, बोलायला तोंड नव्हतं. ज्यांच्या मुलांना डॉक्टरांनीच स्पष्ट नको सांगितलंय त्यांच्याबद्दल मी बोलत नाहीये. आमच्या डॉक्टरांनी लसी तपासल्या, शाळेला हात धुण्याचं आणि आजारी मुलांना घरी ठेवण्याचं पत्र दिलं, आणि तीन आठवड्यांनी तो परत गेला. नेऊन सोडायला बायकोच गेली.

आज परतताना गाडीत ते दोघं गप्प होते. मुलगी मागे झोपली होती. बाप शेवटी म्हणाला, "दादा, नळी निघायला अजून दोन वर्षं तरी लागतील म्हणतात. तोपर्यंत ती काय करेल?"

तर मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी बालवाडी चालवत असेल, शिकवत असेल, कुणाची बहीण-वहिनी शिकवत असेल तर मला इनबॉक्स करा. मुलगी साडेतीनची, चालते, पळते, सगळं समजतं, नळीची काळजी शिकवायला आई स्वतः येईल आणि पहिला महिना दोघांपैकी एक जण बाहेर बसेल. नाही जमलं त्यांना तर मी बसेन, मला सवय आहे. तिला लाल गाडी आवडते.