पोरांना बोलायला लावतात

मुख्याध्यापकांनी केबिनमध्ये बोलावून दार लोटून घ्यायला सांगितलं, तेव्हाच मी ओळखलं. आमच्याकडे दार लोटून दोनच गोष्टी बोलल्या जातात, अनुदान आणि तक्रार, आणि अनुदानाबद्दल बोलण्यासारखं बऱ्याच वर्षांत काही घडलेलं नाही.

"सर, एका पालकाचं म्हणणं आलंय," टेबलावरच्या काचेकडे बघत ते म्हणाले. "तुम्ही पोरांना इंग्रजी बोलायला लावता."

मी इंग्रजीचाच शिक्षक आहे. कोल्हापूरच्या बाजूला, मराठी माध्यमाच्या शाळेत, दहावीला. गणिताचे सर पोरांना गणितं घालतात, पीटीचे सर मैदानाला फेऱ्या मारायला लावतात, त्यांचं दार कधी कुणी लोटलं नाही.

प्रकरण ओरलचं. दहावीला इंग्रजीचे ऐंशी मार्क लेखी आणि वीस तोंडी. हे वीस शाळेनंच घ्यायचे आणि शाळेनंच द्यायचे. नाव सांगितलं की पंधरा, गावाचं नावही सांगितलं की अठरा, असा आमच्या भागातला चालू भाव. मला एक खोड आहे, की परीक्षा बोलण्याची असेल तर पोरांना स्वतःची चार वाक्यं बोलता यावीत. म्हणून जानेवारीपासून शाळा सुटल्यावर जादा तास घेतो. कुणी सांगितलेलं नाही, त्याचे कुणी पैसे देत नाही आणि आता कळलं की त्याबद्दल तक्रारही होते.

तक्रार करणारे पालक म्हणजे आमच्या एका विद्यार्थ्याचे चुलते, तात्या. गावच्या दूध संस्थेचे सचिव. गेल्या आठवड्यात संध्याकाळी तास चालू असताना पोत्यात गुंडाळलेली गुळाची ढेप घेऊन ते वर्गाच्या दारात उभे राहिले.

"चालू द्या, चालू द्या. मी वाईच बसतो," म्हणत शेवटच्या बाकावर बसले. त्या बाकावर मावला तो अर्धाच माणूस. उरलेला अर्धा, पायांसकट, दोन बाकांमधल्या वाटेत पसरला.

त्यांचा पुतण्या उभा होता. त्यानं सुरुवात केली. माझ्या वर्गातली सगळी पोरं एकच सुरुवात करतात, कारण एसटी स्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात 'ओरल' म्हणून एक कागद मिळतो. त्यात माझी ओळख, माझं कुटुंब, माझा छंद, सगळं तयार. कागदावर छंदाच्या ओळीत 'रीडिंग अ बुक्स' असं छापलेलं आहे, आणि पंचक्रोशीतली सगळी दहावी तेवढीच चूक घेऊन बोलते. एका पोरानं तर मोकळ्या जागाही वाचल्या होत्या. माय नेम इज टिंबटिंब, आय लिव्ह इन टिंबटिंब. पुस्तकाचं पानही न उलटणाऱ्या पोरांचा छंद वाचन, आणि घरातली म्हैस, कोंबड्या, शेणी, स्वयंपाक बघून वर दुसऱ्याच्या रानात भांगलायला जाणारी आई त्या कागदात हाउसवाइफ.

तर मी पुतण्याला विचारलं, "व्हॉट डज युअर फादर डू?"

"माय फादर इज अ फार्मर."

"आरं फार्मर कुठला!" मागनं आवाज आला. "दहा चाकी चालवतोय त्यो. म्हैन्यातनं दोनदा घरी येतोय आन् आपलं शेत कुठं हाय ते इचारून जातोय."

वर्ग हसला. मी पोराला म्हटलं, मग ड्रायव्हर म्हण की, खरं ते बोल. तो गप्प. जवळ गेल्यावर हळूच म्हणाला, "सर, ड्रायव्हर म्हटलं की तुम्ही पुढचं विचारणार. कुठला ट्रक, कुठं जातो, काय भरतो. फार्मर म्हटल्यावर कोण पुढं काय विचारत नाही."

कृषिमंत्र्यांच्या केबिनमध्ये फ्रेम करून लावावं असं हे वाक्य, पण ओरलला त्याचे मार्क नाहीत. ते मराठीत होतं.

तात्यांनी मात्र ते टिपलं. "बघा, डोकं हाय का न्हाई पोराला? ह्येचेच दोन वाढवा."

"तात्या, परीक्षा अजून व्हायची आहे."

"ती हुणारच की. पण अंदाजे किती पडत्यात, सांगा."

"तो बोलेल तसे पडतील."

"आन् न्हाई बोलला तर?"

"बोलावा म्हणून तर हा तास आहे."

"न्हाई, पण समजा. समजा त्यो गप्प ऱ्हायला. गप्प ऱ्हायचं किती?"

"गप्प राहायचे मार्क नसतात, तात्या."

"असं कसं? मागचे सर सोळा द्यायचे."

पोरं माझ्याकडे बघायला लागली. गप्प राहायचे सोळा, ही बातमी त्यांना नवीन होती आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो उत्साह दिसला तो मला जानेवारीपासून एकदाही दिसला नव्हता. तात्या तोवर हिशेबाला लागले होते.

"म्हंजे बोलून वाढायचं ते चार. बरं का, जास्तीत जास्त चार. त्या चारासाठी पोरगं रोज सांजच्याला हितं अडकून पडतंय. धारंचा टाइम हाय त्यो सर. म्हस काय तुमच्या इंग्लिशसाठी थांबती व्हय? आन् दुसरं सांगतो. आमी दुधाला फॅट लावतो ती मशिनीवर. मशिनीत जे दिसंल त्येच पडतं, माझ्या बापालाबी जास्तीची न्हाई. तुमी तर नुसतं ऐकून लावायचं. मग दोन वर लावायला तुमचं काय जातंय?"

यावर मी काहीतरी तत्त्वाचं बोललो. काय ते आठवत नाही. तात्यांनाही आठवत नसणार, कारण ते मध्येच उठले, माझ्या टेबलापाशी आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "सर, आमचा थोरला 2019 ला ह्याच्यातच नापास झाला."

आता इथं मला हसता येईना. बोर्डानं त्या एका वर्षी हे तोंडी वीस काढून टाकले होते. पेपर सरळ शंभरचा. राज्याचा निकाल आदल्या वर्षी 89.41 टक्के होता, तो 77.10 वर आला. केवढी ओरड झाली! मग पुढच्याच वर्षी वीस मार्क परत आले आणि 2020 ला निकाल 95.30. भूगोलाचा पेपर तर त्या साली कोरोनामुळं झालाच नाही, त्याचे मार्क सरासरीनं दिले. थोरल्याला इंग्रजीत एकतीस होते. आदल्या वर्षी असता तर गप्प राहून पास झाला असता. बोर्डानं वर्षभरासाठी तत्त्व पाळलं आणि त्याची किंमत या घरानं भरली. आता मी संध्याकाळी तेच तत्त्व घेऊन उभा आहे, हे बघून तात्यांच्या पोटात गोळा आला असेल तर मी काय म्हणू?

पण म्हणून तक्रार करायची?

आणि ज्या राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तिथं दहा वर्षं इंग्रजी शिकून आलेल्या पोराला न अडखळता येणारी वाक्यं दोन. 'मे आय कम इन सर' आणि 'मे आय गो टू टॉयलेट'. एक आत यायचं, एक बाहेर जायचं. मधल्या पस्तीस मिनिटांसाठी काही नाही.

ऐकण्याचं तर विचारूच नका. मी उतारा वाचायचा, पोरांनी ऐकून उत्तरं द्यायची. फेब्रुवारी म्हणजे कारखान्याचा हंगाम, आणि आमच्या शाळेला लागूनच रस्ता. दोन ट्रेलर जोडलेला उसाचा ट्रॅक्टर टेप लावून गेला, की माझा उतारा, फळा, खिडकीची काच, सगळं एकाच तालावर हलतं. मी थांबतो. पोरं थांबत नाहीत. "सर, खालच्या आळीचा ट्रॅक्टर," "न्हाई रे, त्येचा बेस येगळा हाय." ट्रॅक्टर वळणाच्या पलीकडं असताना तो कुणाचा आणि भरलेला की रिकामा, हे नुसत्या आवाजावरून सांगणारी ही पोरं माझ्या उताऱ्यातल्या मुलीचं नाव काय, याला 'येस सर' म्हणतात.

गूळ मी घेतला नाही, हेही नोंदवून ठेवतो. तात्या तो स्टाफरूममध्ये ठेवून गेले. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पीटीच्या सरांनी ढेप फोडली आणि शेंगदाण्याबरोबर सगळ्यांनी मिळून संपवली. मी तेव्हा वर्गात एका मुलीकडून रोजच्या दिवसाबद्दल बोलून घेत होतो. ती पहाटे उठून शेणी थापते, ते तिनं पाच वाक्यांत सांगितलं. व्याकरण लंगडं होतं, पण एक ओळसुद्धा झेरॉक्सची नव्हती. तिला मी वीस देणार. गप्प बसणाऱ्यांना सोळा-अठरा पडणारच आहेत. म्हणजे त्या मुलीनं संध्याकाळी थांबून, घरच्यांची बोलणी खाऊन, वर्गापुढं उभं राहून जे केलं त्याची बाजारातली किंमत दोन ते चार. तात्यांचा हिशेब मला अजून खोडता आलेला नाही, आणि खरा राग त्याचाच आहे.

मुख्याध्यापकांना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग ड्रॉवरमधून मार्कांचा तक्ता काढून माझ्यापुढं सरकवला. प्रत्येक नावापुढं पेन्सिलीनं बारीक आकडे लिहिलेले होते. अठरा, सतरा, अठरा, एकोणीस.

"यावर पेन फिरवा आणि खाली सही करा."

"सर, परीक्षा अजून व्हायची आहे."

"होईल की," ते म्हणाले. "तिला कोण अडवतंय?"