‘कंपनीचे गाजर’ आणि सातबाऱ्यावरची नावे

गणपतीला चाकरमानी गावी आले की त्यांच्याबरोबर मोबाइलवरचे संदेशही वाडीवाडीत पोहोचतात. ‘घरासाठी कंपनीची मदत म्हणजे गाजर’ या मथळ्याचा असाच एक संदेश आमच्या खेड-चिपळूण भागात बराच फिरला. त्यात पाच विधाने आहेत. अशी मदत फक्त सरकारी नोकरांना मिळते. घरासाठी पीएफ काढला की म्हातारपणीची पेन्शन बुडते. कंपनीचे कर्ज घेणारा वेठबिगार होतो आणि नोकरी सोडली तर कंपनी त्याचा पीएफ गिळते. सवलतीच्या व्याजावर कर लागत नाही, त्यामुळे ती साहेब लोकांची चैन आहे. आणि कोकणी माणसाला यातले काही लागतच नाही, कारण प्रत्येकाचे गावी वडिलोपार्जित घर आहे. लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या वेतन विभागात मी बरीच वर्षे काम केले आहे. घरासाठीचे अर्ज त्या टेबलावरून जात असल्यामुळे या विधानांना उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिल्या विधानात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना मिळणारा घरबांधणी अग्रिम, म्हणजे घरासाठीची आगाऊ रक्कम, खासगी नोकरदाराला मिळत नाही, हे खरे आहे. २०१७ च्या नियमांनुसार पाच वर्षे सलग सेवा झालेल्या केंद्रीय कर्मचाऱ्याला ३४ महिन्यांचे मूळ वेतन, २५ लाख रुपये किंवा घराची किंमत यांपैकी जी रक्कम सर्वांत कमी असेल तेवढा अग्रिम मिळू शकतो, त्यावर सरळ व्याज असते, आणि आधी मुद्दल १८० हप्त्यांत व नंतर व्याज ६० हप्त्यांत फेडायचे असते. मात्र वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला लागू होणाऱ्या भविष्य निर्वाह निधीतही (पीएफ) घरासाठी रक्कम काढण्याची तरतूद आहे, आणि ती खासगी कामगारालाच उपयोगी पडते. तिसरी सोय कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेची. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ नुसार सभासदाने लिहून दिल्यावर मालकाला त्याच्या पगारातून हप्ता कापून संस्थेकडे भरावा लागतो. याउपर काही कंपन्या स्वतःचे कर्ज देतात किंवा बँकेच्या व्याजाचा काही भाग उचलतात. ते मात्र त्यांच्या धोरणावर अवलंबून आहे, कायद्याने कोणी त्यांना बांधलेले नाही.

या विधानात खरेपणाचा जो अंश आहे तो संदेशाने सांगितलेलाच नाही. आपल्याकडचे बरेच कामगार कंत्राटदाराच्या पटावर असतात. कंत्राटदार बदलला की नवा सभासद क्रमांक येतो, जुन्या कंत्राटदाराने नोकरी सोडल्याची तारीख भरलेली नसते, आधारवर ‘गणपत’ आणि पीएफमध्ये ‘गणपती’ असे नाव पडलेले असते. यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणारा पीएफचा क्रमांक, एकच ठेवून जुनी खाती त्यात वर्ग केली तर सगळी सेवा एकत्र धरली जाते. नाहीतर बारा वर्षे घाम गाळलेला माणूस कागदावर दोन वर्षांचा सभासद दिसतो. कंत्राटदाराने पीएफ भरला नाही तर मूळ मालकावर, म्हणजे ज्याच्या कारखान्यात काम चालते त्याच्यावर, जबाबदारी येते, ही गोष्टही फार थोड्या कामगारांना ठाऊक असते.

पेन्शनचे विधान साफ चुकीचे आहे, आणि सर्वांत जास्त घबराट त्यानेच होते. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून २०,००० रुपये असलेल्या कामगाराचे उदाहरण घेऊ. त्याचे १२ टक्के म्हणजे २,४०० रुपये कापले जातात आणि मालकही पूर्ण पगारावर तेवढेच भरतो असे धरू. मालकाच्या रकमेतून १,२५० रुपये पेन्शन योजनेत जातात, कारण तिथे ८.३३ टक्के ही आकारणी १५,००० रुपयांच्या मर्यादेपर्यंतच होते. उरलेले १,१५० आणि कामगाराचे २,४०० असे ३,५५० रुपये दरमहा पीएफमध्ये जमा होतात. घरासाठी पैसे निघतात ते या दुसऱ्या खात्यातून. पेन्शन ठरते ती सेवेची वर्षे आणि पेन्शनपात्र वेतन यांवर, त्यामुळे घरासाठी पैसे काढल्याने त्यातला एक रुपयाही कमी होत नाही. ही रक्कम परत फेडायची नसते आणि तिच्यावर व्याजही लागत नाही.

त्यातून नुकसान काहीच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. २०२४-२५ साठी पीएफवर ८.२५ टक्के व्याज जाहीर झाले. पगार वाढला नाही असे धरले तरी वरच्या उदाहरणात दहा वर्षांत साधारण साडेसहा लाख जमतात. ज्याला तेवढ्याच दराने बँकेचे गृहकर्ज सहज मिळते त्याने पीएफ रिकामा करून फारसे काही साधत नाही. पैसा उपयोगी पडतो तो बँक जिथे थांबते तिथे. ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंतच कर्ज देऊ शकते. चिपळुणात २० लाखांची सदनिका घेणाऱ्याला २ लाख रुपये आणि त्याशिवाय मुद्रांक व नोंदणीचा खर्च खिशातून उभा करावा लागतो. सावकाराकडे किंवा सोने तारण ठेवायला जाण्यापेक्षा हा भाग पीएफमधून भरणे शहाणपणाचे ठरते. जुन्या नियमात घर घेण्यासाठी पाच वर्षांचे सभासदत्व लागे. १३ ऑक्टोबर २०२५ रोजी पीएफच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने तेरा प्रकारच्या अटी तीन गटांत आणून किमान सेवा १२ महिने आणि २५ टक्के शिल्लक खात्यात ठेवणे, असा निर्णय घेतला. अर्ज करायच्या दिवशी कोणती अट लागू आहे हे पाहूनच हिशेब मांडावा.

वेठबिगारीबद्दल थोडेच सांगतो. कंपनीचे कर्ज घेतलेल्याने नोकरी सोडली तर शिल्लक रक्कम एकदम मागितली जाऊ शकते किंवा सवलतीचा दर जाऊन बाजारातला दर लागू शकतो. हे करारात लिहिलेले असते आणि सही करण्यापूर्वी ते वाचायचे असते. पगारातून होणारी एकूण कपात वेतन संहितेनुसार निम्म्या वेतनापलीकडे जाऊ शकत नाही. पीएफची रक्कम तर कोणत्याही कर्जासाठी जप्त करता येत नाही, हे संरक्षण १९५२ च्या कायद्यापासूनच आहे. कंपनीने पीएफ ‘गिळल्याची’ जी प्रकरणे मी पाहिली, त्यांत प्रत्येक वेळी पीएफ भरलाच गेला नव्हता, आणि तो वेगळा गुन्हा आहे.

कराबाबत संदेश उलटे सांगतो. मालकाने स्वस्त व्याजाने कर्ज दिले तर त्या वर्षाच्या पहिल्या दिवशी स्टेट बँकेचा जो दर असेल त्याच्याशी असलेला फरक कामगाराच्या करपात्र पगारात धरला जातो.

शेवटचे विधान आमच्या मुलखाबद्दल आहे, म्हणून जास्त बोचते. गावी घर आहे हे खरे. ओटी, पडवी, माजघर सगळे आहे. पण सातबाऱ्यावर आजोबांपासूनची पंचवीस-तीस नावे आहेत, त्यातले निम्मे हिस्सेदार डोंबिवली-विरारला आहेत, दोघे-तिघे वारल्याची वारसनोंद झालेली नाही, आणि इतर हक्कात एखाद्या कुळाचे नाव अजून आहे. अशी जमीन बँक तारण घेत नाही. पीएफच्या जुन्या नियमांतही सामाईक मिळकतीतला हिस्सा घेण्यासाठी, किंवा पती-पत्नीखेरीज इतरांबरोबर सामाईक असलेल्या जागेवर घर बांधण्यासाठी रक्कम मिळत नव्हती. ऑनलाइन अर्जात कागद मागत नाहीत, अर्जदाराच्या घोषणेवर काम चालते, म्हणून काही जण रेटून अर्ज भरतात. घोषणा खोटी ठरली तर रक्कम दंडव्याजासह वसूल होऊ शकते. म्हणजे पडवीची कौले बदलून स्लॅब टाकायचा म्हटला, चिऱ्याचा भाव विचारून झाला, खात्यात पैसेही आहेत, आणि घर मात्र कागदावर कोणा एकाचे नाही. दापोलीकडच्या आमच्या एका सहकाऱ्याने याच कारणाने वडिलोपार्जित जागेचा नाद सोडून खेडजवळ दोन गुंठ्यांचा बिनशेती प्लॉट घेतला, आणि त्यासाठी पीएफ व पतसंस्था दोन्ही वापरली.

ज्यांना जुन्या घरातच राहायचे आहे त्यांनी आधी वारसनोंदी पुऱ्या करून घ्याव्यात. सर्व सहधारकांची संमती असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडून वाटणी होऊ शकते, आणि घराची जागा एकाच्या नावावर आली की बँक, पतसंस्था आणि पीएफ या तिन्ही वाटा मोकळ्या होतात. डोंबिवली-विरारचे हिस्सेदार एकत्र गावी सापडतात ते गणपतीतच, तेव्हा संमतीच्या सह्या विसर्जनाच्या आत घ्याव्यात.