तो गंधार लाल नव्हता

आज दुपारी दादरला एका हॉलमध्ये मुलांची गाण्याची स्पर्धा होती. माझी लेक भूप राग गायली. बारा वर्षांची आहे. मागे पडद्यावर एक ॲप लावलेलं, सूर लागला की हिरवी रेघ, चुकला की लाल. लेकीच्या प्रत्येक गंधाराला, म्हणजे 'ग'ला, रेघ लाल होत होती. प्रत्येक. भूपात गंधार वादी, म्हणजे मुख्य सूर, त्यावर थांबायचंच असतं, आणि ती जितकी थांबत होती तितका वेळ मागे लाल. तिसऱ्या आलापाला तिने मान वळवून पडदा पाहिला आणि गंधार जरा वर चढवला. रेघ हिरवी झाली. टाळ्या पडल्या. मला तिथेच रडू आलं, कारण आधीचा गंधार खरा होता आणि हा नव्हता.

बोरिवली स्लोमध्ये ती एक शब्द बोलली नाही. अंधेरी गेल्यावर म्हणाली, "आई, मी इतके दिवस चुकीचं गात होते का गं?"

तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. मोठं होईल, पण लिहितेच.

माझी आई गिरगावात चाळीतल्या दोन खोल्यांत गायची. तंबोरा मिरजेचा, कपाटाशेजारी गवसणीत उभा असायचा. रोज संध्याकाळी ती तो लावायची आणि लावायलाच अर्धा तास घ्यायची. आधी जोड, म्हणजे मधल्या 'सा'च्या दोन तारा, मग पंचम, म्हणजे 'प', मग खर्ज, म्हणजे खालचा 'सा'. तारेतला मणी केसभर खाली, परत वर. तारेला झंकार देणारा जवारीचा दोरा इकडे, तिकडे. बाबा जेवायला खोळंबलेले. आणि मग मला विचारायची, "ऐकू येतोय?"

गंधाराबद्दल विचारायची. तंबोऱ्यात गंधाराची तार नसते. पंचम, दोन जोडाच्या, एक खर्जाची, झाल्या चार. पण तंबोरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून गंधार आपला आपण उमटतो. स्वयंभू गंधार म्हणतात त्याला. तार अख्खी हलते तशी त्याच वेळी अर्ध्यात, तिसऱ्या भागात, चौथ्या भागातही हलत असते, आणि पाचव्या भागातून हा गंधार निघतो. जवारी त्याला मोकळं करते. छेडायला कुणी लागत नाही.

मला तो ऐकू यायचा नाही. सात-आठ वर्षांची होते. मी "हो" म्हणायचे. दोन वर्षं रोज खोटं सांगितलं.

तर हा जो तारेतून निघणारा गंधार, तोच लेक आज गात होती. आजीच्या तंबोऱ्यावर कान तयार झालाय तिचा. मग रेघ लाल का? मी आयोजकांना विचारलं. "मॅडम, स्टँडर्ड सूर आहेत." म्हणजे पेटीचे, म्हणजे पियानोचे. हे स्टँडर्ड म्हणजे काय ते एकदा ऐका. शुद्ध पंचम एकावर एक बारा वेळा चढत गेलं तर सात सप्तकं वर षड्जावरच, म्हणजे 'सा'वरच, यायला हवं. येत नाही. थोडं पुढे जातं. ही निसर्गातलीच अडचण आहे, कुणाचा दोष नाही. मग पट्टीच्या वाद्यांसाठी तो फरक बारा स्वरांत सारखा वाटून टाकला, म्हणजे कुठलाही सूर 'सा' धरून वाजवता येतं. सोय झाली. पण त्या सोयीत गंधार वर गेला. शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे १०० भाग केले तर जवळजवळ १४ भाग वर. गाणाऱ्याच्या कानाला हे खुपतं. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटी बंद केली त्यामागे हीसुद्धा तक्रार होती, आणि ती बंदी उठायला १९७१ उजाडलं.

पेटीवर माझा राग नाही. मोठमोठे पेटीवाले होऊन गेले, त्यांच्या साथीने गाणी उजळली. आणि ज्या पोराला गुरू नाही त्याला ॲपचाही आधार होत असेल. होऊ दे. पण एक तडजोड पडद्यावर लावायची, तिला परफेक्ट म्हणायचं आणि तिच्यापुढे खऱ्या सुराला लाल रेघ मारायची? बारा वर्षांच्या मुलीला दोनशे माणसांसमोर तिचा बरोबर सूर मोडायला लावायचा? आपण कुणीच उठून बोललो नाही. मीसुद्धा नाही. याची मला फार लाज वाटतेय.

याहून जास्त लागलं ते बाहेर. एका मुलाची आई समजूत घालायला आल्या. "मनाला लावून घेऊ नका हो, परफेक्ट असं जगात काही नसतंच." चांगल्या मनाने म्हणाल्या, कळतंय मला. पण नसतं कसं? मी ऐकलंय.

जुलै होता, मी दहाची. पाऊस धो धो, चाळीतली लाईट गेली. पंखा थांबला, शेजारचे रेडिओ थांबले. आई अंधारात तंबोरा लावत होती, मी गोधडीत. आणि मला वाटलं खोलीत तिसरं कुणीतरी गातंय. बारीक, लांबून, पण अगदी स्थिर. मी उठून बसले. "आई, कोण गातंय?"

ती छेडत राहिली. मग म्हणाली, "इतके दिवस हो म्हणत होतीस ना?"

तिला पहिल्यापासून माहीत होतं.

दहा मिनिटं टिकला असेल. त्या सुरात काढायला किंवा घालायला काही नव्हतं, हे दहा वर्षांच्या पोरीलाही कळत होतं. मग लाईट आली, पंखा फिरला, पावसाळी हवा तारांवर आली आणि पंचम सरकला. गंधार गेला. मला रडू फुटलं. आई म्हणाली, "उतरला," आणि खुंटीला हात घातला.

कानाकानात फरक असतो म्हणाल. असतो. खर्ज कुठे धरायचा तो प्रत्येकाचा वेगळा, तेही खरं. पण एकदा खर्ज धरला की त्याचा गंधार तिथेच असतो, तुम्हाला आवडो न आवडो. मुंबईच्या हवेत रोज उतरतो, रोज परत लावावा लागतो, म्हणून तो नाहीच असं माझ्या लेकीला कुणी सांगू नये. आणि चुकीच्या जागी हिरवा दिवा लावून हाच तो, असंही सांगू नये.

अकरा वाजत आलेत. लेक झोपलीय असं समजत होते, पण मघाशी उठून बाहेर आली. डोळे सुजलेत. काही न बोलता तिने तंबोऱ्याची गवसणी काढली आणि पंखा बंद केला. पंचमाची खुंटी सरकतेय, खडूची पूड लावावी लागेल. खडू मागतेय. उठते.