बटलरसाहेबांनी बाबासाहेबांना घडवलं म्हणे!

14 एप्रिल जवळ आला की व्हॉट्सॲपवर इतिहासाला पूर येतो. यंदा त्याचं पाणी थेट माझ्या भाचीच्या वहीत शिरलं. पोरगी नववीत आहे. वस्तीतल्या वक्तृत्व स्पर्धेसाठी कुणीतरी तिला ‘तयार भाषण’ पाठवलं आणि तिने ते घोकायलाही घेतलं होतं. मजकूर तुमच्याही मोबाइलवर येऊन गेला असेल. नसेल तर थोडक्यात सांगतो.

कोलंबिया विद्यापीठाचे अध्यक्ष, नोबेल विजेते शांतिदूत डॉ. निकोलस मरे बटलर यांनी गरीब भीमरावांची हुशारी ओळखून त्यांना शिष्यवृत्ती दिली आणि जातीने शिकवलं. स्वतःच्या नावाचं ग्रंथालय त्यांच्यासाठी दिवसरात्र उघडं ठेवलं. त्यांच्या विद्यापीठात कुणाची जात, धर्म, वंश विचारला जात नसे आणि प्रत्येकाला मनातलं बोलायची मुभा होती. जगातलं युद्ध बेकायदा ठरवणारा करार त्यांनी एकट्याने घडवला. अमेरिकेचं राष्ट्राध्यक्षपद नाकारलं. आणि 1952 साली आपल्या लाडक्या विद्यार्थ्याला स्वतःच्या हातांनी एलएल.डी. ही मानद पदवी दिली. खाली ‘अभिमान असेल तर पुढे पाठवा’ आणि जोडलेले हात.

पाठवणाऱ्याचा हेतू वाईट नसेल. पण बाबासाहेबांच्या कौतुकासाठी लिहिलेला हा मजकूर त्यांच्या मेहनतीचं श्रेय काढून एका गोऱ्या साहेबाच्या खिशात घालतो, आणि तो साहेब तरी कोण होता याची चौकशी कुणी केलेली नाही. म्हणून हा खटाटोप.

आधी फोटो. मजकुरासोबत खांबांची रांग असलेल्या एका भव्य इमारतीचा फोटो फिरतोय. वर होमर, प्लेटो, ॲरिस्टॉटल अशी नावं कोरलेली आहेत. हे बटलर ग्रंथालय, आणि बाबासाहेब इथे अठरा-अठरा तास बसायचे म्हणे. ही इमारत 1934 मध्ये उघडली. तेव्हा तिचं नाव ‘साउथ हॉल’ होतं, बटलरचं नाव तिला 1946 मध्ये दिलं. बाबासाहेब 1913 च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कला पोहोचले आणि 1916 मध्ये लंडनला निघून गेले. ज्या जागी ते अठरा तास बसले असं सांगतात तिथे तेव्हा पायाही खोदलेला नव्हता. विद्यापीठाचं ग्रंथालय त्या काळी लो लायब्ररीच्या मोठ्या घुमटाखाली होतं. फोटो लावायचाच असेल तर तिचा लावा.

आता 1952. बाबासाहेबांना कोलंबियाने 5 जून 1952 रोजी एलएल.डी. दिली, हे खरं. बटलर वारला 7 डिसेंबर 1947 रोजी. त्याआधीच, 1945 मध्ये, तो पदावरून उतरला होता. 1952 मध्ये विद्यापीठाचं अध्यक्षपद कागदोपत्री आयसेनहॉवर यांच्याकडे होतं आणि कारभार ग्रेसन कर्क बघत होते. साडेचार वर्षांपूर्वी गेलेला माणूस पदवी द्यायला कुठून आला, हा प्रश्न एकाही पुढे पाठवणाऱ्याला पडला नाही, याचंच मला जास्त आश्चर्य वाटतं.

त्या जूनमध्ये बाबासाहेबांच्या मनात कोण होतं तेही माहीत आहे. ते कोलंबियातले आपले प्राध्यापक, तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांना भेटायला उत्सुक होते. विमान वाटेवर असतानाच ड्यूई वारल्याची बातमी आली. न्यूयॉर्कहून माईसाहेबांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी हळहळ व्यक्त केली आणि आपलं सगळं बौद्धिक जीवन ड्यूई यांच्या ऋणात आहे असं लिहिलं. ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्येही ते ड्यूई यांचा उल्लेख आपले गुरू म्हणून करतात. गुरू कोण हे शिष्याने स्वतः दोनदा सांगून ठेवलंय, तरी आम्ही आमच्या मनाने दुसराच नेमतो.

शिष्यवृत्तीबद्दल तर बोलायलाही संकोच वाटतो, कारण हे महाराष्ट्रातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असायला हवं. पैसे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी दिले. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि बदल्यात बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरीचा करार. पुढे 1925 मध्ये ‘ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेचा विकास’ हा प्रबंध इंग्रजीत ग्रंथरूपाने आला तेव्हा बाबासाहेबांनी तो सयाजीरावांना अर्पण केला, शिक्षणासाठी केलेल्या मदतीची कृतज्ञता म्हणून. प्रस्तावना लिहिली ती प्राध्यापक एडविन सेलिगमन यांनी. बटलरने एक डॉलर दिल्याचा उल्लेख कुठे नाही. सयाजीरावांचं नाव पुसून तिथे बटलरचं लिहिणाऱ्याला आपण नक्की कुणाचा इतिहास सांगतोय याचं भान तरी असावं.

आणि ‘जातीने शिकवलं’? यावर एकच पुरावा पुरेसा आहे, कारण तो खुद्द बाबासाहेबांचा आहे. डिसेंबर 1930 मध्ये, ते पहिल्या गोलमेज परिषदेसाठी लंडनमध्ये असताना, कोलंबियाच्या माजी विद्यार्थ्यांच्या मुखपत्रात त्यांचं एक वाक्य छापून आलं. आयुष्यातले माझे सर्वांत चांगले मित्र म्हणजे कोलंबियातले काही सहाध्यायी आणि माझे थोर प्राध्यापक, अशा अर्थाचं. पुढे नावं आहेत: जॉन ड्यूई, जेम्स शॉटवेल, एडविन सेलिगमन, जेम्स हार्वे रॉबिन्सन. त्या वेळी बटलर जिवंत होता, अध्यक्षाच्या खुर्चीत होता आणि ते मुखपत्र त्याच्याच विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांचं होतं. सौजन्य म्हणून नाव घ्यायला याहून सोयीची जागा नव्हती. बाबासाहेबांनी घेतलं नाही. ‘भारतातील जाती’ हा निबंध त्यांनी 9 मे 1916 रोजी वाचला तोही मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात. बटलर त्या काळात एक अवाढव्य संस्था चालवत होता आणि राजकारणात वावरत होता.

अर्धसत्य एकच, तेही नाइलाजाने मान्य करतो. बाबासाहेबांना पीएच.डी. रीतसर 1927 मध्ये मिळाली आणि तेव्हा अध्यक्ष बटलरच होता. त्या अर्थाने पदवी त्याच्या कारकिर्दीतली आहे. पण तशी तर 1902 ते 1945 मधली प्रत्येक पदवी त्याच्याच कारकिर्दीतली.

आता खरा संतापजनक दावा: ‘कुणाची जात, धर्म, वंश विचारला जात नसे.’

विचारला जात असे. अर्जावर छापून विचारला जात असे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास न्यूयॉर्कमधली स्थलांतरित ज्यूंची मुलं गुणांच्या जोरावर कोलंबिया कॉलेजात मोठ्या संख्येने येऊ लागली, तेव्हा बटलर आणि त्याच्या अधिकाऱ्यांना त्याची चिंता वाटली. मग प्रवेशअर्ज बदलला. धर्म कोणता, वडिलांचा जन्म कुठला, आईचं माहेरचं आडनाव काय, सोबत फोटो जोडा, मुलाखतीला या. ‘ज्यू नकोत’ असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. आडनाव आणि गाव विचारून जात काढायची पद्धत ज्याने घर भाड्याने शोधताना सोसली आहे त्याला हा अर्ज समजावून सांगायची गरज नाही. काही वर्षांत कॉलेजातल्या ज्यू मुलांचं प्रमाण आधीच्या जवळपास निम्म्यावर आलं. 1928 मध्ये विद्यापीठाने ब्रुकलिनला ‘सेथ लो ज्युनियर कॉलेज’ नावाची वेगळी शाखा काढली. तिथे बहुतेक ज्यू आणि काही इटालियन घरांतली मुलं पाठवली जात. विज्ञानकथाकार आयझॅक असिमोव्ह यांना 1935 मध्ये मुख्य कॉलेजाने घेतलं नाही, तिकडे धाडलं. गावकुसाबाहेरची शाळा म्हणा ना.

बाबासाहेबांना न्यूयॉर्कमध्ये बरोबरीने बसण्याउठण्याचा अनुभव मिळाला, हे त्यांचे चरित्रकार सांगतात आणि त्यात शंका घ्यायचं कारण नाही. तो अनुभव दिला शहराने, वसतिगृहाने, नवल भथेनांसारख्या मित्रांनी आणि वर नावं घेतलेल्या शिक्षकांनी. त्याच आवारात जन्मावरून गाळणी लावणाऱ्या अध्यक्षाला समतेचा पुजारी म्हणून 14 एप्रिलच्या व्यासपीठावर बसवायचं? आणि ते एका नववीतल्या मुलीच्या तोंडून?

‘मनातलं बोलायची मुभा’ याचीही हीच गत. महायुद्धापूर्वी बटलर शांततेचा मोठा कैवारी होता, यात वाद नाही. 1910 मध्ये अँड्र्यू कार्नेगी यांनी एक कोटी डॉलर देऊन शांततेसाठी निधी उभा केला, त्यामागे बटलरची खटपट होती. मग अमेरिका एप्रिल 1917 मध्ये युद्धात उतरली आणि शांतिदूताचा सूर पालटला. जूनच्या पदवीदान समारंभात त्याने जाहीर केलं की आजवर जे खपवून घेतलं ते आता खपणार नाही. कालचा मूर्खपणा आज देशद्रोह आहे, असंही तो म्हणाला.

ऑक्टोबरात दोघांना नारळ मिळाला. एक मानसशास्त्रज्ञ जेम्स मॅकीन कॅटल, कोलंबियात पाव शतक घालवलेले. गुन्हा काय? सक्तीने भरती केलेल्या तरुणांना त्यांच्या मर्जीविरुद्ध युरोपात लढायला पाठवू नका, असं संसद सदस्यांना पत्र लिहिलं. दुसरे साहित्याचे अध्यापक हेन्री डाना, कवी लाँगफेलो यांचे नातू. ते शांततावादी चळवळीत होते. पुढे ज्याला शांततेचं नोबेल मिळालं त्याच्या विद्यापीठाने शांतता मागितली म्हणून लोक घरी पाठवले.

यावर इतिहासकार चार्ल्स बिअर्ड यांनी राजीनामा दिला. गंमत अशी की बिअर्ड स्वतः युद्धाच्या बाजूचे होते. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की मतभेद असलेल्याला हाकलून देणाऱ्या विश्वस्तांच्या हाताखाली मी काम करणार नाही. ड्यूईंचाही युद्धाला पाठिंबा होता, तरी त्यांनी निषेध म्हणून विद्यापीठाच्या समितीतून अंग काढून घेतलं. रॉबिन्सन तर 1919 मध्ये कोलंबिया सोडून बिअर्ड यांच्यासोबत ‘न्यू स्कूल’ या नव्या शिक्षणसंस्थेच्या उभारणीत गेले. बाबासाहेबांनी आदराने घेतलेल्या चार नावांपैकी दोन माणसं बटलरच्या कारभाराविरुद्ध अशी उभी राहिली.

पुढचं आणखी कडू आहे. डिसेंबर 1933 मध्ये हिटलरचा राजदूत हान्स लुथर याला कोलंबियात भाषणाला बोलावलं. विद्यार्थ्यांनी विरोध केला, तेव्हा मित्रराष्ट्राच्या अधिकृत प्रतिनिधीचा मान राखायला हवा, असं बटलरचं उत्तर. 1936 मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठाच्या 550व्या वर्धापनाचं आमंत्रण आलं. ज्यू प्राध्यापकांना काढून टाकलेलं विद्यापीठ हे. ऑक्सफर्ड, केंब्रिजने नकार दिला, कोलंबियाने प्रतिनिधी पाठवला. याविरुद्ध बटलरच्या घराबाहेर निदर्शनं करणाऱ्या रॉबर्ट बर्क नावाच्या विद्यार्थ्याला विद्यापीठातून काढून टाकलं. नाझी राजदूताला व्यासपीठ आणि स्वतःच्या विद्यार्थ्याला दरवाजा, अशी ही मुभा. उशिरा का होईना, बटलर पुढे नाझींविरुद्ध बोलू लागला, हेही नोंदवून ठेवतो.

उरलेलं पटकन. नोबेल 1931 चं आहे आणि ते त्याला एकट्याला नाही, समाजसेविका जेन ॲडम्स यांच्यासोबत विभागून मिळालं. ॲडम्सबाई युद्धकाळातही युद्धाविरुद्ध ठाम राहिल्या आणि त्यासाठी त्यांनी लोकांच्या शिव्या खाल्ल्या. त्यांचं नाव मजकुरात नाही, यात मला नवल वाटत नाही. युद्ध बेकायदा ठरवणारा तो करार, म्हणजे केलॉग-ब्रियां करार, 27 ऑगस्ट 1928 रोजी पॅरिसला झाला. फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री ब्रियां यांनी एप्रिल 1927 मध्ये केलेल्या आवाहनाकडे अमेरिकेत कुणी फारसं पाहिलं नव्हतं. बटलरने वर्तमानपत्रात पत्र लिहून ते चर्चेत आणलं. हे श्रेय त्याचं. पण ब्रियां यांच्या कानावर ही कल्पना घालणाऱ्यांत शॉटवेल होते, म्हणजे पुन्हा बाबासाहेबांचेच प्राध्यापक. भाषणात सांगण्यासारखी गोष्ट ही होती, आणि नेमकी तीच गाळली.

राष्ट्राध्यक्षपद त्याने नाकारलं नाही, त्याला ते कुणी देऊ केलंच नव्हतं. 1920 मध्ये रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी मिळावी म्हणून तो मैदानात होता. ती हार्डिंगना मिळाली. त्याआधी 1912 मध्ये उपराष्ट्राध्यक्ष शर्मन निवडणुकीच्या तोंडावर वारले, म्हणून त्यांच्या वाट्याची निर्वाचक मंडळातली आठ मतं बटलरच्या नावावर टाकली गेली. तेवढीच त्याची मजल.

भाचीसाठी नवं भाषण लिहून झालंय. सयाजीराव, सेलिगमन, ड्यूई आणि शॉटवेल यांवर पाच मिनिटं सहज भरतात. ज्या मंडळांची पत्रिका अजून छापखान्यात गेली नसेल, त्यांनी बटलरचा फोटो काढून तिथे सयाजीरावांचा टाकावा.