‘घाटात न्यूट्रल टाका, डिझेल वाचवा’: पोरांना हे शिकवू नका

परवा रात्री साडेदहाला भाच्याचा फोन आला. केजजवळच्या खेड्यात राहतो, वय 21. बारावीनंतर शेतात खपला, एक हंगाम साखर कारखान्यावर काढला. "मामा, आठ दिवसांत हेवी ड्रायव्हर होता येतंय म्हणे. तुम्ही मला कामून थांबायला सांगायलात?" तो ज्या व्हिडिओबद्दल बोलत होता तो माझ्याकडं आधीच तीन ग्रुपवरून येऊन पडला होता. भावकीच्या ग्रुपवर तर आमच्या चुलत्यांनी "पोरांनो, संधी सोडू नका" असं वर लिहून टाकला होता.

व्हिडिओत एक जण उभ्या ट्रकपुढं उभा राहून बोलतो. म्हणणं असं: कारच्या लायसनवर ट्रक चालवता येतो, सुप्रीम कोर्टानं सांगितलंय. शिक्षणाची अट गेली. ट्रेनिंग म्हणजे नुसता कागद, पैसे टाकले की मिळतो. नव्या गाडीत एसी आहे, अंगाला त्रास नाही. घाटात न्यूट्रल टाका, वाचलेलं डिझेल तुमचं. झोप आली तर गोळी घ्या. आणि महिन्याला 70 हजार कमवा.

मी 23 वर्षं लाईनवर, म्हणजे मालट्रकवर, होतो. क्लिनर म्हणून चढलो आणि शेवटची काही वर्षं ट्रेलर चालवून उतरलो. म्हणून हे लिहितोय.

आधी न्यूट्रलचं घेतो. बाकीच्या थापांत पोराचे पैसे बुडतील, वेळ जाईल. या एका सल्ल्यानं माणसं मरतील, आणि ती फक्त ट्रकमधली नसतील.

दहा टायरची गाडी मालासकट 28.5 टनांपर्यंत भरायला 2018 पासून परवानगी आहे. कार एक-सव्वा टनाची. गाडी गेअरमध्ये असते तेव्हा उतारावर हे सगळं वजन इंजिन मागं ओढून धरतं. चाकं इंजिनला फिरवतात आणि त्यातच जोर खर्च होतो. वर एक्झॉस्ट ब्रेकचं बटण असतं, त्यानं ती पकड आणखी वाढते. ड्रायव्हरला फुट ब्रेक मधूनमधून लावावा लागतो, एवढंच. न्यूट्रल टाकलं की इंजिन आणि चाकांचा संबंध तुटला. एक्झॉस्ट ब्रेकही गेला, कारण तो इंजिनातून काम करतो. आता 28 टन फक्त ब्रेकच्या लायनरवर आले. लायनर चाकातल्या ड्रमला घासतो, तापतो, जळका वास येतो, आणि एका मर्यादेनंतर पाय खाली जातो पण गाडी थांबत नाही. ड्रायव्हर घाबरून पुन्हा पुन्हा ब्रेक मारतो आणि ब्रेक ज्या हवेवर चालतो ती टाकीतली हवा संपवतो. गेअर टाकायला जावं तर इतक्या वेगात तो पडत नाही. वेग दुप्पट झाला की थांबवायचा जोर चौपट लागतो. 30 वरून 60 ला गेलेली गाडी ही दुप्पट अवघड नसते, चौपट अवघड असते.

काही जण त्याच्याही पुढं जाऊन चावीच बंद करतात. मग स्टेअरिंग दगडासारखं होतं आणि हवा भरणारा कॉम्प्रेसरही थांबतो.

हे मी गोष्टी म्हणून सांगत नाही. 20 नोव्हेंबर 2022, रविवारची रात्र, पुण्याचा नवले पूल. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून उतरत आलेल्या एका ट्रकनं कितीतरी गाड्यांना ठोकरलं. आधी सगळे म्हणाले ब्रेक फेल. नंतर पोलिसांनी सांगितलं की ब्रेक फेल नव्हता, डिझेल वाचवायला ड्रायव्हरनं उतारावर इंजिन बंद केलं होतं. व्हिडिओतल्या सल्ल्याच्या एक पाऊल पुढं, पण हाव तीच. व्हिडिओ पुढं पाठवणाऱ्या प्रत्येकानं त्या रात्रीचे फोटो एकदा काढून बघावेत. चेपलेल्या कारमध्ये कुणाचं तरी घरदार बसलेलं होतं.

आता डिझेलचा हिशोब करू, कारण पोरं त्यालाच भुलतात. बीएस-6, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांची गाडी गेअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजेक्टर डिझेल सोडतच नाही. इंजिन चाकांच्या जोरावर फिरत राहतं, डिझेल शून्य. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला डिझेल जाळावंच लागतं, मोठ्या इंजिनाला तासाला दोन-तीन लिटर. म्हणजे नव्या गाडीत न्यूट्रलनं डिझेल वाचत नाही, उलट जळतं. आणि समजा एखाद्या जुन्या गाडीत वाचलं, तर धारूरच्या घाटात किती वाचणार? पेलाभर? त्या पेल्यासाठी खाली तेलगावच्या रस्त्यानं येणाऱ्या ऊसतोड्यांच्या ट्रॅक्टरवर 28 टन सोडायचे?

माझा उस्ताद, म्हणजे मला शिकवणारा ड्रायव्हर, एकच नियम सांगायचा: ज्या गेअरात चढायचं त्याच गेअरात उतरायचं. मी क्लिनर असताना धारूरचा घाट सोयाबीन भरून उतरत होतो. स्टेअरिंगवर उस्तादाच्या जागी बदली ड्रायव्हर होता. अर्ध्या उतारावर जळका वास आला. त्यानं गाडी डोंगराच्या अंगाला दाबत दाबत, कठड्याला घासत कशीबशी उभी केली. मी उतरून चाकाखाली दगड लावला तेव्हा ड्रमजवळ हात नेववत नव्हता. दोन तास आम्ही तिथंच बसलो. तो माणूस एक शब्द बोलला नाही, बिडी पेटवायला त्याचा हात स्थिर राहत नव्हता. त्यानंही कुणाकडून तरी ऐकूनच न्यूट्रल टाकलं होतं.

गोळीचं दुसरं. झोपेवर गोळी म्हणजे झोप घालवणं नव्हे, ती दाबून ठेवणं. गोळीचा अंमल उतरला की साठलेली झोप एकदम अंगावर येते, आणि ती कधी येईल हे ड्रायव्हरच्या हातात नसतं. 80 च्या वेगात गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. तीन सेकंद डोळा लागला तर 66 मीटर कुणीच चालवत नसतं. समृद्धी महामार्ग आता जालना, संभाजीनगरवरून सलग 701 किलोमीटर झालाय. सरळ रस्ता, ना गाव, ना गतिरोधक, ना म्हशी आडव्या. जुन्या रस्त्यावर खड्डा तरी जागं ठेवायचा. तिथं रात्री दोन ते पाच डोळे उघडे असून माणूस झोपलेला असतो, हे ज्यानं चालवलंय त्याला विचारा. 1961 सालच्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला 8 तास आणि आठवड्याला 48 तास काम लिहिलं गेलं, पाच तासांनी अर्धा तास विश्रांतीसह. लाईनवर ते कुणी पाळलं नाही, मालकांनी नाही आणि भत्त्याच्या आशेनं आम्हीही नाही. पण न पाळणं वेगळं आणि 18 तास चालवणं ही मर्दुमकी म्हणून 21 वर्षांच्या पोराला शिकवणं वेगळं.

लायसनच्या मुद्द्यात थोडं खरं आहे, ते मान्य करतो. 6 नोव्हेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं सांगितलं की हलक्या वाहनाच्या लायसनवर मालवाहू गाडीही चालवता येईल. पण निकालातला आकडा व्हिडिओवाल्यानं गिळला: एकूण वजन 7,500 किलोपर्यंतची गाडी. म्हणजे छोटा टेम्पो, पिकअप. ज्या ट्रकपुढं तो उभा राहून बोलतो तो त्यात बसतच नाही. मोठ्या गाडीसाठी मोटार वाहन कायदा 1988 सरळ आहे. वय 20 पूर्ण पाहिजे, आणि हलक्या वाहनाचं लायसन निदान वर्षभर जुनं असल्याशिवाय ट्रान्सपोर्टचं लर्निंगसुद्धा मिळत नाही. लर्निंगनंतर परीक्षेला 30 दिवस थांबावं लागतं. आठ दिवस कुठून आणले?

शिक्षणाची आठवी पासची अट 2019 मध्ये काढली, हे खरं. एसीचंही खरं, 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या नव्या ट्रकच्या केबिनला तो सक्तीचा झालाय. चांगलंच झालं, मे महिन्यात लातूर-नांदेड रस्त्यावर केबिनची भट्टी व्हायची. पण नव्या पोराला मालक नवी गाडी देत नाही. त्याच्या हातात यार्डातली सगळ्यात जुनी येते.

राहिला ‘नुसता कागद’. फॉर्म पाच, म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचा ट्रेनिंगचा दाखला, विकत मिळतो का? मिळतो, लपवण्यात अर्थ नाही. नियमात ड्रायव्हिंग स्कूलनं अवजड गाडीसाठी किमान 30 दिवस आणि प्रत्यक्ष स्टेअरिंगवर 15 तास द्यायचे असतात. 2021 च्या नियमांनी मान्यताप्राप्त केंद्रांत तोच अभ्यासक्रम 38 तासांचा, सहा आठवड्यांत पसरलेला केला. माझ्या मते तेही कमीच आहेत. कारण वळणावर मागची चाकं पुढच्यांच्या मागोमाग येत नाहीत, आतून कापत येतात, आणि डाव्या बाजूला मोटारसायकलवाला असेल तर तो आरशात दिसतही नाही. ट्रेलर रिव्हर्सला उजवीकडं न्यायचा तर स्टेअरिंग आधी डावीकडं. जालन्याची सळई भरली असेल आणि जोरात ब्रेक मारला तर ती पुढं सरकून केबिन फोडते. पहाटे हवेचा काटा वर आल्याशिवाय गाडी हलवायची नाही, टाकीतलं पाणी सोडायचं, टायर ठोकून आवाज ऐकायचा, रस्सा आणि ताडपत्री दर थांब्याला बघायची. यातलं काहीही विकत घेतलेल्या कागदावर येत नाही.

70 हजारांबद्दल काय लिहू? पगार, वर ट्रिपचा भत्ता, त्यातून रस्त्यावरचं जेवण, पंक्चर, आणि उतरवताना माल कमी भरला की तीही कपात तुमचीच. शिकाऊला त्याहून कमी. ज्याला खरंच एवढे मिळतात त्याच्या मागं पंधरा वर्षं बिनअपघाताची असतात.

भाच्याला हे सगळं फोनवर सांगितलं. तो गप्प होता, मग म्हणाला, "मग मी शिकू तरी कसं, मामा?" प्रश्न रास्त होता. त्याच्या कारच्या लायसनला आठ महिने झालेत, चार उरलेत. सोमवारी पहाटे तो माझ्या ओळखीच्या एका ड्रायव्हरच्या दहा टायरवर क्लिनर म्हणून चढतोय, जालन्याहून सळई घेऊन सोलापूरला. परत येताना मांजरसुंब्याच्या घाटात गाडी कोणत्या गेअरात उतरली, ते त्यानं मला रात्री फोन करून सांगायचं आहे.